पावसाळ्यात टॉप चिकटवू नका: हातानं गिटार बनवणाऱ्यांनी या चुका टाळा

जून लागला की मला फोन यायला लागतात. कुणाची परीक्षा संपलेली असते, कुणी नोकरी बदलताना महिनाभर मोकळा असतो. लाकूड मागवलेलं असतं, क्लॅम्प घेतलेले असतात. "सर, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, लाकडाचं वजन करा, पेन्सिलीनं त्याच लाकडावर लिहा आणि ते उभं करून ठेवून द्या. पुढं? पुढं काही नाही, दिवाळीनंतर बोलू. हे ऐकून समोरचा गप्प होतो. दहा दिवसांनी टॉपचा, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीचा, फोटो येतो, त्याला ब्रेस, म्हणजे आतल्या आधाराच्या पट्ट्या, चिकटवलेल्या असतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गिटार फुटून माझ्या टेबलावर येते.

मी पुण्यात स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारी बनवतो. त्याआधी बरीच वर्षं टूलरूममध्ये होतो, त्यामुळे मोजमापाची सवय होती. लाकडाची नव्हती. लोखंडाचा तुकडा जानेवारीत 400 मिलिमीटर असेल, तर जुलैतही तो तेवढाच भरतो. लाकडाचं तसं नाही, आणि हे कळायला मला एक गिटार घालवावी लागली. आता बनवण्यापेक्षा दुरुस्तीचंच काम जास्त येतं, आणि त्यात त्याच त्या चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

हवेतला ओलावा न मोजता चिकटवाचिकटवी

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर सगळ्यांत जास्त लिहितो.

गिटारचा टॉप म्हणजे स्प्रूस या हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या मधोमध जोडलेल्या. खालच्या बाजूला त्याची रुंदी साधारण 400 मिलिमीटर भरते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. पुण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत राहिलेलं लाकूड आपल्या वजनाच्या सोळा-सतरा टक्के पाणी धरून बसतं. आर्द्रता 45 टक्क्यांवर आली की तेच आठ-नऊ टक्क्यांवर येतं. एवढ्या फरकात 400 मिलिमीटरचा टॉप साधारण 4 मिलिमीटर आकसतो.

नुसती फळी असती तर आकसली असती आणि विषय संपला असता. पण आपण तिच्या पाठीला ब्रेस चिकटवलेले असतात, आणि त्यांच्या लाकडातल्या रेषा टॉपच्या रेषांना आडव्या जातात. टॉपला आकसायचंय आणि ब्रेस त्याला धरून ठेवतो. मग दोनच वाटा उरतात. एक तर टॉप खचतो, किंवा फाटतो. बॅकचं, म्हणजे मागच्या फळीचंही तेच, उलट शिसवाची बॅक जास्त हट्टी.

2011 च्या जुलैमध्ये मी माझ्या भाच्यासाठी गिटार बंद केली. 'बंद करणं' म्हणजे टॉप, बॅक आणि साइड एकत्र चिकटवून पेटी पुरी करणं. बाहेर आठवडाभर झड लागली होती. भिंतींना ओल होती, पॉलिश पेपर हातात मऊ लागत होता. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण त्याचं कॉलेज ऑगस्टात सुरू होणार होतं आणि मी त्याला शब्द दिला होता. गिटार सुरेख झाली. तो ती घेऊन नागपूरला हॉस्टेलवर गेला. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, मामा, तारा थोड्या खाली आल्यासारख्या वाटतात. मी सॅडलखाली (टॉपवर तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली) पट्टी सरकवून दिली. खरं म्हणजे टॉप खचायला लागला होता. खूण समोर दिसत होती आणि मी ती वाचली नाही.

मे महिन्यात तो सुट्टीला घरी आला, गिटार खोलीतच राहिली. नागपूरचा मे, खोलीला कुलूप, कूलर बंद. 44-45 अंशांत त्या खोलीतली हवा किती कोरडी झाली असेल याचा अंदाज करा. जूनच्या शेवटी त्याचा फोन आला, "मामा, मागून फाटली ती."

गिटार माझ्याकडे आली तेव्हा मी ती खिडकीसमोर धरली आणि साउंडहोलमधून आत बघितलं. बॅकच्या मधल्या जोडापासून बोटभर अंतरावर, टेल ब्लॉकपासून (पेटीच्या खालच्या टोकाच्या ठोकळ्यापासून) वर सतरा सेंटिमीटर, एक उजेडाची रेघ आत येत होती. सरळ नव्हती, शिसवाच्या रेषेबरोबर हलकी वळत गेलेली. तिच्या दोन्ही काठांवर पॉलिश उचलून आलं होतं, नखानं लागत होतं. ती रेघ मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

दुरुस्तीत पहिला आठवडा मी काहीच केलं नाही. गिटार 55 टक्क्यांच्या आर्द्रतेत केसमध्ये ठेवली. भेग आपोआप मिटत आली. उघडी भेग लगदा भरून बुजवणं हा शुद्ध आळस आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि तो भरलेला लगदाच पाचरीसारखं काम करून भेग पुढं नेतो. भेग मिटल्यावर पातळ केलेला सरस आत चोळला आणि आतून 2 मिलिमीटर जाडीचे चौकोनी तुकडे, रेषा आडव्या ठेवून, ओळीनं चिकटवले. हात आत तिथपर्यंत पोचत नाही म्हणून तुकड्यावर एक लोहचुंबक आणि बाहेरून दुसरा. गिटार वाजते अजून. पण टॉपचा मूळचा बाक काही परत आला नाही.

मग करायचं काय?

आधी आर्द्रतामापक घ्या. पाच-सातशे रुपयांत साधा डिजिटल मिळतो. पण तो दाखवेल ते खरं मानू नका, त्याची मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकाबरोबर हवाबंद डब्यात ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी आकडा 75 दिसला पाहिजे. 70 दिसला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, तसं त्याच्यावर लिहून चिकटवा.

दुसरी माझी सवय, आणि हिच्यावर माझा मापकापेक्षा जास्त भरवसा आहे: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर लाकडाचं वजन. माझ्याकडच्या एका स्प्रूसच्या जोडीवर पेन्सिलीनं लिहिलंय, जुलै 431 ग्रॅम, सप्टेंबर 424, नोव्हेंबर 410, डिसेंबर 408, 408, 408. तीन आठवडे आकडा हलला नाही की ते लाकूड त्या हवेशी जुळलं. तोवर त्याला गोंद लावायचा नाही.

पेटी बंद करताना आर्द्रता 40 ते 45 टक्के हवी. पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत हे बरेच दिवस जमतं. रत्नागिरी, मुंबई किंवा गोव्यात हिवाळ्यावर अवलंबून राहू नका. तिथं एक लहान खोली बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावावाच लागतो. खोली नसेल तर प्लास्टिकचा तंबू करा आणि लाकूड, जिग (काम धरून ठेवायचे साचे), चिकटवलेलं काम सगळं त्यातच राहू द्या. विदर्भातल्या मित्रांसाठी उलटं सांगणं: एप्रिल-मेमध्ये अगदी कोरड्या हवेत बंद केलेली पेटी पावसाळ्यात फुगून वर येते, तारा उंच होतात. फाटण्यापेक्षा हे परवडलं, पण तेही टाळता येतं.

आणि पावसाळ्यात हात रिकामे राहत नाहीत. जिग बनवा, मोल्ड बनवा, नेक घडवा, पटाश्यांना धार लावा, फ्रेटबोर्डाच्या (नेकवर तारा दाबायच्या पट्टीच्या) खाचा पाडा. थांबायचं ते फक्त पातळ फळ्यांच्या चिकटवण्यासाठी.

मिरजेला सतारमेकरांकडे मी बसलोय. तिथं पंढरपूर भागातून आलेले भोपळे आणि तुनाचं लाकूड किती काळ नुसतं पडून असतं ते बघितलं की आपली घाई किती पोरकट आहे ते कळतं. माळ्यावर ओळीनं भोपळे टांगलेले. कुठला कधीचा हे विचारलं की तिथला माणूस बोटानं टिचकी मारतो, ऐकतो आणि मग सांगतो, हा अजून नाही.

ब्रिज: जागा, गोंद आणि पॉलिश

ब्रिज, म्हणजे टॉपवर चिकटवलेली, तारा धरून ठेवणारी लाकडी पट्टी, ही दुसरी माझी डोकेदुखी. आर्द्रतेची चूक निदान समजण्यासारखी आहे, हवा डोळ्यांना दिसत नाही. ब्रिजची चूक निव्वळ शेवटच्या आठवड्यातली घाई असते.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगा गिटार घेऊन आला. वयानं पंचविशीचा, हात चांगला. फ्रेटबोर्डवर त्यानं शिंपल्याची वेल जडवली होती, पानं इतकी नेमकी की काळ्या लाकडात कुठं फट सापडेना. तीन महिने त्या वेलीवर घालवल्याचं त्यानं सांगितलं. तक्रार काय, तर ब्रिज मागच्या बाजूनं उचललाय. मी कागद सरकवून बघितला, तो मागच्या कडेखाली पाऊण इंच आत गेला. मग ट्यूनर लावला. मोकळी तार बरोबर, बाराव्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डातल्या धातूच्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक तारेचा सूर वर चढलेला, जाड तारेचा तर कानाला टोचेल इतका.

पट्टी ठेवून मोजलं. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) सॅडलपर्यंत बरोब्बर 648 मिलिमीटर. कागदावर स्केल, म्हणजे तारेची हिशेबातली लांबी, 648 लिहिलं होतं म्हणून त्यानं सॅडल 648 वर ठेवलं. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. तो भरून काढायला तारेची लांबी मुद्दाम थोडी जास्त ठेवावी लागते. या स्केलला मी पातळ ई तारेला साधारण 2 मिलिमीटर आणि जाड ईला साधारण 5 मिलिमीटर जास्त देतो. स्टीलच्या तारांच्या गिटारचं सॅडल तिरकं असतं ते याच कारणानं.

ब्रिज काढायलाच लागणार होता. गरम पातळ सुरी खाली सरकवली तर तो दोन मिनिटांत सुटला. इतक्या सहज सुटायला नको होता. खाली बघितलं तर टॉपचं पॉलिश तसंच चकचकीत आणि त्यावर फर्निचरचा पांढरा गोंद. गोंदाच्या तारा गुळाच्या पाकासारख्या लांबत होत्या. नेहमीच्या लाइट तारांच्या संचाचा एकूण ताण 70 किलोच्या पुढं जातो. एक मोठा माणूस रात्रंदिवस त्या ब्रिजला लोंबकळतोय असं समजा. पांढरा गोंद असा सततचा ताण सोसत नाही, हळूहळू सरकतो. आणि बंद गाडीत उन्हात तासभर राहिली की मऊच पडतो. कपाटाच्या फळीला तो उत्तम, तिथं कुणी ओढत नसतं. गिटारच्या ब्रिजला, नेकला, ब्रेसला नको.

माझी पद्धत सांगतो. ब्रिज आधी कोरडा ठेवतो. टॉपला हलका बाक असतो, म्हणून टॉपवर पॉलिश पेपर उलटा चिकटवून ब्रिजची खालची बाजू त्यावर घासतो, म्हणजे तोच बाक ब्रिजला येतो. क्लॅम्प न लावता, नुसत्या बोटाच्या दाबानं ब्रिज सगळीकडून टेकला पाहिजे. मग नटपासून सॅडलच्या जागेच्या दोन्ही टोकांपर्यंत स्टीलच्या लांब पट्टीनं मोजतो. टेपनं नाही, टेपच्या टोकाचा आकडा हलतो. एकदा मोजून चहा पिऊन येतो आणि पुन्हा मोजतो. पहिल्या आणि सहाव्या पिनेच्या (ब्रिजमध्ये तार अडकवायच्या खुंटीच्या) जागी बारीक भोकं पाडून ब्रिज तात्पुरता अडकवतो, म्हणजे गोंदावर तो घसरणार नाही. कडेनं टोकदार पातीनं हलकी रेघ मारतो. पात टॉपच्या लाकडात शिरता कामा नये, तिथूनच पुढं भेग सुरू होते. रेघेच्या आतलं पॉलिश अर्धा मिलिमीटर कड सोडून पूर्ण खरवडतो, कोरं लाकूड दिसेपर्यंत. ब्रिजचं शिसव त्याच दिवशी ताजं घासतो, कारण त्यातलं तेल पृष्ठभागावर येऊन बसतं आणि गोंदाला धरू देत नाही.

गोंद म्हणून मी सरस वापरतो. 60 अंशांच्या आसपास गरम, खोलीही उबदार, आणि क्लॅम्प हाताशी मांडून ठेवलेले, कारण सरस थांबत नाही. सरस झेपत नसेल तर सुकून कडक होणारा, वाद्यांच्या कामाचा पिवळा लाकूडगोंद घ्या. तीन क्लॅम्प, आतून ब्रेस चुकवणारा ठोकळा, चोवीस तास. तारा तीन दिवसांनंतर. त्या मुलानं सहाव्या तासाला चढवल्या होत्या.

त्याच्या गिटारचा ब्रिज मी आणि त्यानं मिळून पुन्हा बसवला. जुनी पिनांची भोकं बुजवून नवी पाडावी लागली, ब्रिजखाली आतून लावलेल्या मेपलच्या पट्टीवर दुसरी पट्टी चढवावी लागली. दोन दिवसांचं काम. पहिल्यांदाच नीट केलं असतं तर अर्ध्या दिवसाचं होतं. वेलीसाठी तीन महिने आणि ब्रिजसाठी एक दुपार, हा हिशेब मला सोसत नाही.

फ्रेटांचं गणित

इथं दोनच गोष्टी. स्केलला 17.817 नं भागलं की नटपासून पहिल्या फ्रेटचं अंतर, उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 नं भागलं की पहिलीपासून दुसरीचं. जुने लोक 18 नं भागत. 650 मिलिमीटरच्या स्केलवर 18 घेतलं तर बारावी फ्रेट 325 ऐवजी 322.6 वर येते. म्हणून 18 विसरा.

दुसरी गोष्ट, सगळी अंतरं नटपासून मोजा. एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत मोजत गेलात आणि दर वेळी 0.2 मिलिमीटर एकाच बाजूला चुकलात, तर विसाव्या फ्रेटला 4 मिलिमीटर चुकलेले असता. आणि खूण कटरच्या पातीनं करा, पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते.

साइड वाकवताना ओढाताण

साइड तापलेल्या पाइपवर टेकवून वाकवायची असते. पाइप तापला की नाही ते बघायला पाण्याचा थेंब टाका. तो नाचत उडून गेला पाहिजे, बसून उकळत राहिला तर पाइप थंड आहे. साइडची जाडी सगळीकडे सारखी, 2 मिलिमीटरच्या आसपास. कुठं 1.8 आणि कुठं 2.3 असेल तर वळण गोल न येता कोपरे पडतात. कंबरेपासून सुरुवात करा. लाकूड मऊ झालं की हाताला कळतं, आतून काहीतरी सोडून दिल्यासारखं. त्याआधी जोर लावला की तडा. वाकवलेली साइड रात्रभर मोल्डमध्ये राहू द्या. व्हिडिओत हे सगळं चार मिनिटांत होतं, कारण मधली पंचेचाळीस मिनिटं कापलेली असतात.

आणि मास्क लावा. शिसवाची भुकटी बऱ्याच लोकांना सोसत नाही, अंगाला खाज सुटते, श्वासाला त्रास होतो. आज झाला नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं.

ब्रेस तासत सुटणं

टॉपला टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, ब्रेस थोडा तासायचा, पुन्हा टिचकी. नवशिक्यांना हे फार आवडतं, आणि ते कधी थांबायचं हे कुणालाच माहीत नसतं. मलाही पहिल्या पाच-सहा गिटारींपर्यंत माहीत नव्हतं. टॉप महत्त्वाचाच आहे, त्यात वाद नाही. स्पेनमधल्या अंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये बॅक आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती, आवाज मुख्यतः टॉपमधून येतो हे दाखवायला. पण तोरेस यांनी आयुष्यभर टॉप हाताळले होते. तुमची पहिली किंवा दुसरी गिटार असेल तर एखाद्या सिद्ध झालेल्या नकाशाप्रमाणे एक्स ब्रेसिंग (इंग्रजी X सारखी ब्रेसची मांडणी) करा, टॉप 2.8 मिलिमीटर ठेवा, ब्रेसची उंची नकाशात आहे तेवढीच ठेवा आणि पटाशी खाली ठेवा. आवाज थोडा कमी मोकळा येईल, पण दोन वर्षांनी ब्रिजमागं पोट येणार नाही. टिचकी मात्र मारा, ऐका आणि वहीत लिहून ठेवा. पाचव्या गिटारला ती वही कामाला येते.

नेकचा कोन तारा चढवल्यावर तपासणं

फ्रेट बसवलेल्या नेकवर सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम स्पर्श करून पुढं गेलं पाहिजे. हे नेक चिकटवायच्या आधी बघायचं, ब्रिज नुसता जागेवर ठेवून. पट्टी खाली गेली तर सॅडल इतकं खाली घासावं लागेल की तार त्याच्यावर नीट दाब देणार नाही. सॅडल 2 मिलिमीटर कमी केलं तर बाराव्या फ्रेटवर तार फक्त 1 मिलिमीटर खाली येते, म्हणजे सॅडलवर निभावून नेता येईल अशी ही चूक नाही. जोडावर कागदासारखे पातळ छिलके काढत जा, दर दोन छिलक्यांनंतर पट्टी ठेवा. मला याला एक अख्खा दिवस लागतो आणि त्या दिवशी मी दुसरं काम घेत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या

क्लॅम्प पिळून पिळून आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड उपाशी राहतो.

गोंद लावायच्या आधी एकदा कोरडी तालीम करा, सगळे क्लॅम्प लावून. प्रत्येक वेळी.

चपडा पॉलिश पावसात करू नका, पांढुरकी साय धरते. जाड पॉलियुरेथेनचा थर तर कधीच नको, टॉपला घोंगडी पांघरल्यासारखं होतं.

शिसव घेताना परवानाधारक वखारीतून, पावतीसह घ्या. पावती जपून ठेवा, गिटार परदेशी जाणार असेल तर कागद विचारले जाऊ शकतात.

'कस्टम' म्हणजे नक्षी समजू नका. ज्याच्यासाठी बनवताय त्याचा हात बघा. नट 43 मिलिमीटर हवा की 44.5, हे त्याला दोन गिटारी धरायला देऊन ठरवा. लहान हाताच्या माणसाला आखूड स्केल द्या. हे केलं आणि एकही शिंपला जडवला नाही, तरी ती गिटार त्याचीच होते.

तयार गिटार कुरकुरायला लागली तर

फक्त मोकळी तार झणझणते, पहिल्या फ्रेटवर दाबली की थांबते? नटची खाच खोल गेलीय. नवा नट घडवा. हाडाची भुकटी आणि इन्स्टंट ग्लू भरून चालतं, पण ते चार महिन्यांचं काम. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर झणझण असेल तर नेक फार सरळ आहे, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) थोडा सैल करा. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून धरली की सातव्याच्या वर 0.2 मिलिमीटरच्या आसपास फट हवी. रॉड एका वेळी पाव फेरा फिरवा, तार सुरात आणा, मग पुन्हा बघा. एकाच फ्रेटवर झणझणत असेल तर पुढची फ्रेट उठलेली असते, ती दाबून बसवा. सगळ्या फ्रेटा कानसीनं घासायला निघू नका.

आणि पावसाळ्यात तारा उंच झाल्या म्हणून सॅडल घासू नका. टॉप फुगून वर आलेला असतो, दिवाळीनंतर तो खाली बसतो आणि मग घासलेल्या सॅडलवर तारा फ्रेटांना लागायला लागतात. दर वर्षी डिसेंबरात अशा तीन-चार गिटारी येतातच. मी प्रत्येक गिटारबरोबर दोन सॅडल देतो, एक पावसाळ्याचं आणि एक हिवाळ्याचं. उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो, खालच्या कडेला पेन्सिलीनं 'पा' आणि 'हि' लिहिलेलं. तारा सैल केल्या की बदलायला पाच मिनिटं लागतात. टॉपच्या आतल्या बाजूला, पेटी बंद करायच्या आधी, तारीख, टॉपचं वजन आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहितो. भाच्याच्या गिटारमध्ये आत फक्त त्याचं नाव आहे. त्यानंतरच्या प्रत्येकीत आकडे आहेत, म्हणजे वीस वर्षांनी जो कुणी आरसा घालून आत बघेल त्याला ही पेटी कुठल्या हवेत बंद झाली ते कळेल आणि दुरुस्तीआधी तिला कुठल्या हवेत ठेवायचं तेही.